मोटेचा हलता देखावा करतोय, वर्तुळ नेमकं कुठून मोजायचं?

शेवंती | 16 ऑगस्ट, रात्री 10:52

नमस्कार मंडळी. यंदा आमच्या सोसायटीच्या (कोथरूड) गणपतीत हलता देखावा करायचा ठरलंय आणि विषय पोरांनीच निवडलाय, विहिरीवरची मोट. आमच्याकडच्या एका आजोबांनी सांगितलेलं ऐकून सगळी पोरं भारावून गेली आणि तेव्हापासून दुसरा विषयच नाही. 9 ते 15 वयाची अकरा मुलं आहेत, मोठ्यांमध्ये मी आणि एक शेजारी. थर्माकोल अजिबात नाही, बांबू, पुठ्ठा, प्लायवूड आणि जुन्या साड्या.

काय हवंय ते सांगते. प्लायची विहीर, वर मोटेचं मोठं चाक, त्यावरून दोर, दोराच्या एका टोकाला मोट आणि दुसऱ्या टोकाला उतारावर दोन बैल. बैल 60 सेंटिमीटर खाली चालत जातील तशी मोट 60 सेंटिमीटर वर येईल, मग बैल मागे मागे येतील आणि मोट खाली जाईल. पूर्ण एक खेप 12 सेकंदांत व्हायला हवी, कारण आजोबांनी मोटेवर म्हणायच्या ओळी गुणगुणून दिल्यात, रेकॉर्ड केल्यात, एक ओळ बरोबर 12 सेकंदांची आहे.

सामान: पाव एचपीची मोटर, प्लेटवर 1440 आरपीएम लिहिलंय. जुन्या बाजारातून रविवारी 60:1 चा वर्म गिअरबॉक्स (मोटरच्या 60 फेऱ्यांना बाहेर एक फेरी) मिळाला, चांगला आहे, आवाज नाही. बोहरी आळीतून व्ही बेल्टच्या दोन पुल्या, अडीच इंची आणि बारा इंची. हिशोब माझ्या लेकीने (सातवीत आहे) केला: 1440 भागिले 60 म्हणजे 24, आणि 12 भागिले अडीच म्हणजे 4.8, मग 24 भागिले 4.8 बरोबर 5. मिनिटाला 5 फेऱ्या म्हणजे एका फेरीला 12 सेकंद. आकडे इतके छान जुळले की आम्ही दोघी उड्या मारल्या.

आता अडचण अशी की गोल फिरण्याचं पुढेमागे करायला चकती आणि तिच्या कडेला पिन लावायची असं ठरवलंय, पण 60 सेंमी पुढेमागे हवं तर पिन मध्यापासून 30 सेंमीवर पाहिजे, म्हणजे चकती दोन फुटांच्या वर जाते आणि आमच्या स्टेजखाली जागा आहे फक्त दीड फूट. काही मार्ग आहे का?

वेताळटेकडी | 16 ऑगस्ट, रात्री 11:20

विषय एक नंबर. आमच्या मंडळाचे हलते देखावे मी वीस वर्षं बघतोय, स्टेजखाली वाकून काम केलंय. स्टेज उंच करणं हा एक उपाय आहे पण मग लहान मुलांना वरचं दिसत नाही. एक गोष्ट सुचवतो, वरच्या चाकामुळे तुमचा निम्मा जोर वाचणारच आहे त्यामुळे मोटरवर लोड येणार नाही, ती काळजी करू नका.

अंकनाद | 17 ऑगस्ट, सकाळी 6:48

@वेताळटेकडी, माफ करा पण वरच्या चाकाने जोर निम्मा होत नाही. जी कप्पी एका जागी पक्की बसवलेली आहे ती फक्त ओढायची दिशा बदलते. मोटेत जितकं वजन तितकाच जोर, उलट घासण्यामुळे थोडा जास्तच. मी आठवी-नववीच्या मुलांना हे दर वर्षी करून दाखवते, बॅगा मोजायचा हातातला वजनकाटा घ्यायचा आणि 5 किलो तांदळाचा डबा. पक्क्या कप्पीवरून ओढला की काटा 5 च्या थोडा वर दाखवतो. तोच डबा कप्पीला टांगून, दोराचं एक टोक वर बांधून दुसरं ओढलं की काटा पावणेतीनच्या आसपास. पण मुलांना मी लगेच विचारते, डबा हातभर वर यायला तुमच्या हातातून दोर किती गेला? दोन हात. हे त्यांनी स्वतः मोजल्याशिवाय मी फळ्यावर एक अक्षर लिहीत नाही.

वेताळटेकडी | 17 ऑगस्ट, सकाळी 8:05

बरोबर आहे ताई, माझ्या डोक्यात दोन्ही कप्प्या एक झाल्या होत्या. पण मग प्रश्न पडला, चाकाने जोर वाचत नसेल तर बैलांना फायदा काय होता?

भोसरीकर | 17 ऑगस्ट, सकाळी 9:31

शेवंती ताई, तुमचं उत्तर अंकनाद ताईंच्या तांदळाच्या डब्यातच आहे, फक्त ते उलटं करायचं.

हलती कप्पी वापरून माणूस दोन हात दोर ओढतो आणि ओझं एक हात उचलतं. तुम्ही कप्पीलाच ओढा आणि दोराच्या टोकाला मोट ठेवा. दोराचं एक टोक स्टेजच्या फ्रेमला पक्कं बांधा, तो दोर हलत्या कप्पीला वळसा घालून बैलांकडे जाऊ दे. चकतीची पिन कप्पीला 30 सेंमी सरकवेल तेव्हा दोर 60 सेंमी सरकेल. म्हणजे पिन मध्यापासून 15 सेंमीवर पुरे, चकती 34 सेंमीची करा, दीड फुटात आरामात बसते. किंमत एवढीच की कप्पी ओढायला दुप्पट जोर लागेल, तो मोटरकडे भरपूर आहे. कप्पी इकडेतिकडे डोलू नये म्हणून तिला ड्रॉवरच्या चॅनेलवर बसवा, फर्निचरच्या हार्डवेअरवाल्याकडे मिळतं.

चकती आणि कप्पीमधला दांडा आखूड ठेवू नका, निदान 70-75 सेंमी घ्या. अशा रचनेत दोन्ही टोकांना चाल आपोआप मंदावते आणि मध्ये वेग येतो, त्यामुळे बैल टोकाला झटका न खाता थांबून वळल्यासारखे वाटतील.

आणि पोरं आसपास असणार तर मोटर, पट्टा, चकती सगळ्याला जाळी पाहिजे. पहिल्या चाचणीच्या आधी पाहिजे, नंतर नाही. मोटरला अर्थिंग. मी 34 वर्षं गिअर कटिंगमध्ये काढलीत, बोटं गेलेली पाहिलीत.

जुन्नरी | 17 ऑगस्ट, दुपारी 2:15

वेताळटेकडी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर धावेत आहे. विहिरीपासून बैल जिथून चालत जायचे त्या उताराला धाव म्हणायचे आणि ती विहिरीकडून लांब जाताना खाली उतरती असायची. भरलेली मोट ओढताना बैल उतारावर, म्हणजे त्यांचं स्वतःचं वजन ओढायला मदतीला, वर मोटकरी नाड्यावर, म्हणजे मोट ओढायच्या जाड दोरावर, बसायचा, त्याचंही वजन. रिकामी मोट खाली सोडताना बैल मागं मागं चढ चढायचे, तेव्हा ओझं नसायचं. चाकाने फक्त उभी ओढ आडवी करून दिली, बाकी काम उताराने केलं. आमच्या चुलत्यांच्या मळ्यात ती धाव अजून ओळखू येते, आता तिथं घास लावलाय.

शेवंती ताई, तुम्ही एकच दोर लिहिलाय, पण सोंडेच्या मोटेला दोन दोर लागतात. जाड नाडा मोटेच्या कडीला, तो वरच्या मोठ्या चाकावरून. बारीक सोंदूर मोटेच्या सोंडेला, तो खालच्या कण्यावरून, कणा म्हणजे थारोळ्याच्या (मोटेचं पाणी पडतं तो हौद) कडेला बसवलेला आडवा लाकडी रूळ. वर येताना सोंड दुमडून वर धरलेली असते म्हणून पाणी सांडत नाही, आणि मोट वर पोचली की सोंदूर सोंडेला थारोळ्यात ओढून धरतो आणि पाणी आपोआप ओतलं जातं, कुणाला हात लावावा लागत नाही. दोन्ही दोर जुवालाच बांधलेले. मुलांना हे जरूर करायला सांगा, मोटेची खरी करामत तीच आहे.

शेवंती | 18 ऑगस्ट, रात्री 11:40

काय सुंदर माहिती दिलीत सगळ्यांनी! जुन्नरी, तुमचं लिहिलेलं मी पोरांना मोठ्याने वाचून दाखवलं, आजोबा ऐकत होते, म्हणाले कण्याचा कुरकुर आवाज लांबून यायचा तो पण घ्या. तर आता सोंदूर आणि कणा पण होणार.

भोसरीकर काका, उलटी कप्पी पोरांनी आधी शिवणाच्या रिळावर करून बघितली, पट्टी ठेवून मोजली, रीळ 10 सरकलं की दोरा 20. दोघा-तिघांना खरंच वाटेना, चार वेळा मोजलं.

शेवंती | 23 ऑगस्ट, रात्री 9:18

पहिली चाचणी झाली, जाळी लावूनच केली काका. मोटेत वाळू भरलीय, कारण बैलांना मागे खेचून आणायचं काम मोटेच्या वजनानेच होतं. चालू केलं, अर्ध्यापर्यंत मोट आली आणि मग पट्टा घसरायला लागला, मोटर फिरतेय, गिअरबॉक्स फिरतोय, मोठी पुली जागच्या जागी. पट्टा ताणला तर थोडं पुढे गेलं, परत तेच, आणि रबराचा वास. मोटर कमी पडतेय का?

भोसरीकर | 23 ऑगस्ट, रात्री 9:55

मोटर कमी पडत नाही. आधी सांगा, पट्टा कुठे आहे, मोटर आणि गिअरबॉक्सच्या मध्ये की गिअरबॉक्स आणि चकतीच्या मध्ये?

शेवंती | 23 ऑगस्ट, रात्री 10:02

गिअरबॉक्सनंतर. मोटर सरळ गिअरबॉक्सला कपलिंगने जोडलीय, मग पट्टा, मग चकती.

भोसरीकर | 23 ऑगस्ट, रात्री 10:47

मग तेच कारण. पट्टा पुढे घ्या, मोटरवर अडीच इंची पुली, गिअरबॉक्सच्या इनपुटला बारा इंची, आणि चकती थेट गिअरबॉक्सच्या आउटपुटला.

तुमच्या मुलीला सांगा की तिचा भागाकार बरोबरच होता. आधी 60 ने भागा मग 4.8 ने, किंवा उलट, शेवटी 5 च फेऱ्या येणार. पण पट्ट्याला त्या क्रमाने फार फरक पडतो. एकच काम हळू फिरून करायचं तर प्रत्येक फेरीत जास्त जोर लावावा लागतो, जोरात फिरून करायचं तर कमी. 24 फेऱ्यांवर पट्ट्याला जवळपास 10 किलोची ओढ सोसावी लागत होती (मोट, बैलांचं घासणं आणि कप्पीमुळे झालेलं दुप्पट धरून मी ढोबळ काढलंय). तोच पट्टा 1440 च्या बाजूला टाकला की ओढ साठाव्या भागावर येते, वर्म गिअरमध्ये निम्मं वाया गेलं असं धरलं तरी तिसाव्या. म्हणजे 300-400 ग्रॅम. तेवढं तो ढिला असला तरी खेचेल. पट्टा वेगाच्या बाजूला आणि दात हळू बाजूला, कारखान्यात बहुतेक यंत्रांत असंच दिसेल तुम्हाला.

दुसरा फायदा, 60:1 सारखा वर्म बहुतेक वेळा मागून ढकलला तरी उलटा फिरत नाही. चकती थेट त्याच्यावर आली की लाइट गेली तरी मोट जिथल्या तिथं थांबेल, धाडकन खाली येणार नाही. आधीच्या जोडणीत पट्टा तुटला असता तर आलीच असती.

शेवंती | 25 ऑगस्ट, रात्री 10:30

चाललं!! अगदी गुपचूप चाललं, काही वास नाही, काही ओरडणं नाही. पोरांनी आरती म्हटली.

पण आता लेकीचा वेगळाच प्रश्न आहे आणि मला उत्तर येत नाही. वरच्या चाकाची एका खेपेत बरोबर एकच फेरी व्हावी असं तिने ठरवलं होतं, चाकावर एक पांढरी खूण करायची आणि मोट वर आली की खूणही वर यायला हवी. 60 सेंमी दोर म्हणून परिघ 60, भागिले 22/7, व्यास 19.09 सेंमी. तिने सुताराकडून खाचेच्या तळाशी 19.1 असं चाक करून घेतलं, दोरा गुंडाळून परिघ मोजला, 60 च भरला. पण खूण वर पोचायच्या आधीच थांबते, जवळपास दोन सेंटिमीटर. तिचं म्हणणं 22/7 चुकीचं आहे म्हणून होतंय, बाईंनी सांगितलं होतं की ती खरी किंमत नाही. मला तसं वाटत नाही पण सांगता येईना.

अंकनाद | 26 ऑगस्ट, सकाळी 6:30

शंका घेतली याबद्दल तिला शाबासकी द्या, पण दोष 22/7 चा नाही. 3.1416 घेऊन 60 ला भागलं तर व्यास येतो 19.098, आणि 22/7 ने 19.091. फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. सुताराच्या करवतीची जाडीच याच्या कितीतरी पट असते.

हे मला फार जिव्हाळ्याचं आहे म्हणून थोडं लांबते. आर्यभटाने 499 मध्ये सांगितलं की व्यास 20,000 असेल तर परिघ 62,832, म्हणजे 3.1416, आणि त्याने त्याला 'आसन्न' म्हटलं, म्हणजे जवळ पोचलेला. भास्कराचार्यांनी 1150 च्या लीलावतीत दोन्ही दिलेत, 3927 भागिले 1250 हा सूक्ष्म आणि 22/7 हा स्थूल पण व्यवहारयोग्य. व्यवहारयोग्य हा शब्द मला वर्गात सांगायला फार आवडतो. मुलं 22/7 ला चुकीचं म्हणायला शिकतात, आणि ते कुठल्या कामाला पुरतं हे त्यांना कुणी सांगत नाही. तिचं चाक आणि बाजारातला दोर, दोन्हीसाठी 22/7 भरपूर आहे.

दोन सेंटिमीटर कुठून आले ते मात्र मला कळत नाहीये. दोर चाकावर घसरत नाही ना?

भोसरीकर | 26 ऑगस्ट, सकाळी 9:12

दोर किती जाड आहे?

शेवंती | 26 ऑगस्ट, सकाळी 9:40

6 मिलिमीटर, सुती. घसरत नाही, खडूने बघितलं.

भोसरीकर | 26 ऑगस्ट, सकाळी 10:25

मग सापडलं. तिने परिघ बरोबर मोजला पण चुकीच्या वर्तुळाचा मोजला.

दोर चाकावर वळतो तेव्हा त्याची आतली बाजू दबते, बाहेरची ताणली जाते, आणि मधल्या रेषेची लांबी तेवढीच राहते. 60 सेंमी दोर सरकला म्हणजे ही मधली रेषा 60 सरकली. ती रेषा खाचेच्या तळापासून 3 मिमी वर आहे, सगळ्या बाजूंनी, म्हणजे खरं वर्तुळ 19.1 चं नसून 19.7 चं आहे. त्याचा परिघ काढा, जवळपास 61.9 येतो. 60 दोर गेला, फेरी पूर्ण व्हायला 61.9 पाहिजे, राहिले 1.9. हेच तुमचे दोन सेंटिमीटर. बारीक दोऱ्याने मोजलं म्हणून ते तिला दिसलं नाही, दोऱ्याला जाडीच नव्हती.

खाच 3 मिमी खोल करून घ्या, तळाचा व्यास 18.5 झाला की खूण डोक्यावर येईल.

आमच्या धंद्यात पोरगा कामाला लागला की पहिली मार तिथेच खातो. गिअर हातात घेतो, व्हर्नियर लावून बाहेरचा व्यास मोजतो आणि त्यावर हिशोब करतो. 2 मोड्यूलचा (मोड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचं माप) 20 दातांचा गिअर बाहेरून 44 मिमी भरतो, पण चालतो 40 मिमीवर, त्याला पिच सर्कल म्हणायचं. ते वर्तुळ गिअरवर कुठेही कोरलेलं नसतं, दातांच्या अंगातून जातं, नुसतं बघून सापडत नाही. 60 दातांचा बाहेरून 124, चालतो 120 वर. दोघांची केंद्रं किती अंतरावर ठेवायची? चालणाऱ्या वर्तुळांच्या त्रिज्या 20 अधिक 60, म्हणजे 80 मिमी. बाहेरचे व्यास धरून 84 ठेवलं तर दातांची टोकं जेमतेम टोकांना लागतील, खेच काहीच नाही.

पेडल | 26 ऑगस्ट, दुपारी 1:50

आज पहिल्यांदा लिहितोय, चार दिवस वाचतोच आहे. भोसरीकर काकांनी जे सांगितलं ते सायकललाही लागू आहे हे वाचताना लक्षात आलं आणि लगेच पार्किंगमध्ये करून बघितलं.

माझी 26 इंची सायकल. 26 गुणिले 2.54 म्हणजे 66 सेंमी, परिघ 207 सेंमी यायला पाहिजे. टायरवर ओल्या रांगोळीचा पट्टा मारला आणि सायकल ढकलत नेली, दहा ठिपके मोजले, 20.7 मीटरच्या आसपास. मग बसून चालवली, भावाने ठिपके मोजले, दहा फेऱ्यांना 20.5. दहावर 20 सेंटिमीटर कमी! बसलं की टायर खाली दबतो आणि चाक थोड्या लहान वर्तुळावर चालतं. सायकल कॉम्प्युटरला परिघ भरायचा असतो तेव्हा बसूनच मोजा असं का सांगतात ते कळलं.

पुढे 44 दात, मागे 18, म्हणजे पेडलच्या एका फेरीत मागचं चाक 2.44 वेळा फिरतं, गुणिले 2.05 मीटर, बरोबर 5 मीटर. आता रोज कर्वे रस्त्याने जाताना एक पेडल पाच मीटर असं मोजत जातो, घर ते ऑफिस किती पेडल पडतात ते काढायचंय.

अंकनाद | 26 ऑगस्ट, रात्री 9:05

पेडल, तुमच्या हिशोबात एक गोष्ट बघा, मी उद्या मुलांना हीच दाखवणार आहे. दातांचा भाग, 44 भागिले 18, इथे π कुठेच आला नाही. दोन्ही चाकं गोल आहेत, दोघांच्या परिघात π आहे, पण एकाला दुसऱ्याने भागलं की तो निघून जातो, दात मोजले की झालं. चाक रस्त्याला टेकलं, गोल फिरण्याचं सरळ अंतर झालं, तिथे π शिवाय गत्यंतर नाही. शेवंतीच्या लेकीचंही तेच, पुल्यांच्या हिशोबात π लागला नाही, आणि दोर आला तिथे लागला.

भोसरीकर | 26 ऑगस्ट, रात्री 9:50

वा, हे मी इतकी वर्षं करत होतो पण असं कधी मांडलं नव्हतं. यावरून 127 दातांचा गिअर आठवला. जुन्या लेथचा (लोखंड कातायचं यंत्र) लीडस्क्रू, म्हणजे आटे पाडताना हत्यार सरकवणारा लांब स्क्रू, इंची असायचा आणि काम यायचं मिलिमीटरच्या आट्याचं. एक इंच म्हणजे 25.4 मिमी, त्याची पाचपट 127, त्यामुळे 127 दातांचा एक गिअर मध्ये टाकला की इंचाचं मिलिमीटरमध्ये अगदी तंतोतंत रूपांतर होतं, एका केसाचीही चूक नाही. 127 ला कशानेच भाग जात नाही म्हणून लहान गिअर घेऊन काम भागत नाही, तो मोठा गिअर बाळगावाच लागायचा. आमच्याकडे तो तेल लावून वेगळ्या कपाटात ठेवलेला असायचा.

जुन्नरी | 27 ऑगस्ट, रात्री 8:36

दोराची जाडी आणि दोन सेंटिमीटर वाचलं आणि आमच्या गावचा लोहार डोळ्यासमोर आला. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवायची (ही धाव वेगळी, चाकाच्या भोवतीची पट्टी) तेव्हा मी सहा-सात वर्षांचा असेन, आजोबांचं बोट धरून बघायचो.

त्याच्याकडे टेप नव्हता. हातात धरायची एक लोखंडी चकती होती, तिच्यावर छिन्नीने एक खूण. ती चकती लाकडी चाकाच्या पुठ्ठ्यांवरून (कडेचे वाकडे लाकडी तुकडे) फिरवत न्यायची, किती फेऱ्या आणि वर किती उरलं ते लक्षात ठेवायचं, मग तीच चकती जमिनीवर ठेवलेल्या पट्टीवरून तितक्याच फेऱ्या. आणि मग पट्टीच्या जाडीच्या तिप्पट जास्त धरायचा. आजोबांनी विचारलं होतं हे तिप्पट कशाला, तो म्हणाला वाकवली की आतनं आखडती. आज कळलं काय ते! पट्टी 12 मिमी जाड असेल तर तिची मधली रेषा 6 मिमी बाहेर, व्यास 12 ने मोठा, परिघ 12 गुणिले π ने मोठा, म्हणजे जाडीच्या तिप्पट आणि थोडं. जे थोडं राहिलं ते धाव घट्ट बसायला उपयोगीच पडत असणार.

आणि धाव मुद्दाम चाकाहून लहान करायचे. गोवऱ्यांचा गोल रचून त्यात ती लाल करायची, तीन-चार माणसं सांडशीने उचलून चाकावर घालायची, लाकडातून धूर निघायचा, लगेच चौफेर पाणी. चाकाचे सांधे करकरत आवळायचे. मी आत्ता हिशोब केला, लोखंड मीटरला दर 100 डिग्रीला साधारण 1.2 मिमी वाढतं, चाक 1.4 मीटरचं धरलं तर परिघ 4.4 मीटर, 500 डिग्री तापवलं तर 26 मिमी. एक इंच! तेवढ्या एका इंचात आत घालायचं आणि तेवढ्यानेच आरे, पुठ्ठे, मधला तुंबा सगळं आयुष्यभर जखडून ठेवायचं. खिळा एकही नाही.

वेताळटेकडी | 27 ऑगस्ट, रात्री 10:11

जुन्नरी, हे वाचताना अंगावर काटा आला. पुढच्या वर्षी आमच्या मंडळाचा देखावा धाव बसवण्याचा करायचा असं आत्ताच ग्रुपवर टाकलं.

शेवंती | 30 ऑगस्ट, रात्री 11:05

खाच खोल करून आणली. खूण बरोब्बर डोक्यावर येते!! लेक दहा मिनिटं नुसती बघत उभी होती. कण्याचं पण मोजलं तिने, त्याचा व्यास 6 सेंमी, सोंदूर म्हणून बारीक सुतळी, 60 सेंमीत तीन फेऱ्या आणि थोडं वर. वर मोठं चाक संथ एक फेरी आणि खाली कणा भराभर तीन, शेजारी शेजारी बघायला फार गोड दिसतं.

एक मात्र राहिलंय. खेप 12 सेकंदांची व्हायला हवी ती जास्त लागतेय. दहा खेपा मोबाइलवर मोजल्या, 2 मिनिटं 6 सेकंद. म्हणजे 12.6. दहाव्या खेपेला आजोबांच्या ओळी अर्ध्या खेपेने पुढे जातात, मोट खाली आणि ओढायची ओळ चालू. लेक म्हणतेय आई, आपण पुल्यांचा पण बाहेरचाच व्यास घेतला होता. हे असेल का?

भोसरीकर | 31 ऑगस्ट, सकाळी 8:20

मुलीला माझ्याकडून पेढे द्या. तेच आहे.

व्ही बेल्ट खाचेत बसतो, त्याची चालणारी रेषा पुलीच्या काठापासून सुमारे 3 मिमी आत असते. दोन्ही पुल्यांचा व्यास 6-6 मिमीने कमी धरा. अडीच इंची म्हणजे 63.5 ची झाली 57.5, बारा इंची 304.8 ची झाली 298.8. दोन्हींचे सहाच गेले, पण लहानीचे सहा म्हणजे जवळजवळ दहावा भाग आणि मोठीचे पन्नासावा. म्हणून 4.8 चे 5.2 झाले. त्या हिशोबाने खेप 13 सेकंदांची यायला हवी होती. ती 12.6 आली कारण प्लेटवरचे 1440 हे पूर्ण लोडवरचे आहेत, तुमच्यासारख्या हलक्या कामाला तीच मोटर 1480-1490 ने फिरते, 1500 ला पोचत नाही पण जवळ जाते. एका चुकीने हळू केलं, दुसरीने थोडं भरून काढलं.

पुली बदलू नका. नेमकी हवी ती पुली बाजारात मिळणार नाही, आणि मिळाली तरी पट्टा झिजेल, व्होल्टेज हलेल, रात्रीपर्यंत पुन्हा अर्धी खेप सरकेल. चकतीच्या कडेला एक ठोकळा आणि फ्रेमवर मायक्रोस्विच लावा, तपकीर गल्लीत मिळेल. प्रत्येक फेरीला स्विच दाबला की ओळ सुरू. मग 12 असो की 13, मोट आणि गाणं एकत्रच.

शेवंती | 6 सप्टेंबर, रात्री 10:48

स्विच लागला, शेजाऱ्यांनी जोडून दिला. ओळ संपते, अर्धा सेकंद शांतता, त्यात कण्याची कुरकुर ऐकू येते (ती खरी आहे, रेकॉर्ड केलेली नाही, आजोबांनी वंगण लावू दिलं नाही). थारोळ्यात खरं पाणी नाही, निळ्या साडीची पट्टी सोंडेतून बाहेर येते, ते आमच्या नऊ वर्षांच्या पोराचं डोकं. बैलांच्या गळ्यात घुंगरू. चाकाशेजारी मुलांनी पाटी लावलीय, त्यावर खाचेचा व्यास 18.5, दोर 0.6, चालणारं वर्तुळ 19.1, परिघ 60 असं लिहिलंय, आणि खाली बघणाऱ्याने स्वतः मोजावं म्हणून एक दोरा आणि पट्टी टांगलीय.

रोज संध्याकाळी 7 ते 10 चालू ठेवणार. ज्यांना यायचंय त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पत्ता कळवते. जुन्नरी, तुम्ही नक्की या, आजोबा तुमची चौकशी करतायत, धाव किती लांबीची होती ते विचारायचंय म्हणे.

जुन्नरी | 6 सप्टेंबर, रात्री 11:02

येतोच. आईला घेऊन येतो, तिने मोट हाकलेली आहे. व्यनि केलाय.

भोसरीकर | 7 सप्टेंबर, सकाळी 7:55

मी पण येणार, रविवारी. एक सांगायचं राहिलं, सुती दोर पहिल्या दोन दिवसांत ताणला जाईल. खेप 60 चीच राहील पण मोट थोडी खाली बसेल आणि खूण सरकेल. फ्रेमला दोर बांधलाय तिथे गाठ असेल तर ती सोडून आवळावी लागेल, जाळी काढायच्या आधी मोटरची पिन सॉकेटमधून काढा.

शेवंती | 7 सप्टेंबर, सकाळी 8:30

तिथे गाठ नाही काका, टर्नबकल (फिरवून दोर ताणायचा स्क्रू) लावलाय आणि तो जाळीच्या बाहेर ठेवलाय. काल रात्री चार मिलिमीटर ताणला होता, दोन आटे फिरवले.